उशीर

ऑफिसात माझ्याबद्दल एकच तक्रार आहे :
डोंगरवार मॅडम फाइल अडवतात.

ही बेसा रस्त्यापलीकडची.
सव्वाचार एकर, सदतीस प्लॉट, नावात कुठंतरी ‘ग्रीन’.
जुन्या गाव-नकाशात तिथं एक निळी रेघ आहे, केसाएवढी.
नव्यात तिचा बारा मीटर रस्ता झाला.
वळण तेवढं राहून गेलंय.
सपाट जमिनीवर रस्ता उगाच का वळतो,
हे कुणी विचारलं नाही.

शेत होतं तेव्हा गुणांक पॉइंट तीन.
दहा बादल्या पडल्या तर तीन वाहायच्या,
बाकीच्या पऱ्हाटीला, धुऱ्यावरच्या गवताला,
खेकड्यांच्या बिळांना.
आता गच्च्या, सिमेंट, पेव्हर ब्लॉक : पॉइंट नऊ.
नऊ बादल्या, आणि सगळ्या एकदम,
शाळा सुटल्यासारख्या.

बिल्डरकडून हेडाऊ येतो. चांगला पोरगा, माझ्याच कॉलेजचा.
‘कायले एवढं पाहता मॅडम,
पाणी तं खालीच जाते.’
जातं रे.
खाली कोण आहे, ते तुझ्या नकाशाच्या चौकटीबाहेर येतं.

खाली सुनंदा निमजे आहे.
तिचा फ्रिज विटांवर उभा.
परवा तीन होत्या, काल चार, यंदा पाचवी आणून ठेवलीय
तुळशीजवळ.
माझ्या खात्याकडे पर्जन्यमापक आहे,
कुलूपबंद, किल्ली वर्ध्याला बदली झालेल्या साहेबांकडे.
मी विटा मोजते.

नकाशात ईशान्येला एक गोल : शोषखड्डा.
जागेवर त्या गोलात जनरेटर.
दुसरा खड्डा दाखवला, चार फुटांचा, कडेला झेंडूची रोपं.
खणणारा उईके फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाला,
‘काळ्या मातीत खणलं तं कढई होते बाई.
भरते अन् बसते. मुरूम लागेपर्यंत जा लागते.’
किती?
त्यानं थुंकून अंदाज घेतला. ‘बारा. तेरा.’
सगळ्या नियमावलीत
हे इतकं नीट कुणी लिहिलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
गर्दीत मीही ओरडले, घेऊन जा गे मारबत,
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा,
आणि मध्येच गप्प झाले.
आमचं अख्खं गटारशास्त्र हेच तर आहे.
घेऊन जा गे.
कुठं, ते पुढच्या वस्तीनं बघावं.

दुसऱ्या दिवशी शेरा लिहिला :
‘शेत असताना या जमिनीवरून जितके पाणी
जितक्या वेळात जात होते,
तितकेच, तितक्याच वेळात जावे.
खड्डे मुरूम लागेपर्यंत. जनरेटर हलवावा.
तोपर्यंत मंजुरी नाही.’
खाली सही, तारीख.
वरून फोन आला. मग आणखी वरून.
मी म्हटलं, अडवते, खरं आहे,
भिंतीवर रंगवून ठेवलंय ना आपणच, पाणी अडवा म्हणून.
तिकडून कुणी हसलं नाही.

आठ महिने गेले, खड्डे झाले.
भाद्रपदातल्या एका दुपारी आभाळ कोसळलं
तेव्हा मी लेआउटच्या शेवटच्या पाइपाशी
छत्री धरून उभी होते, घड्याळ पाहत.
दहा मिनिटं. पाइप कोरडा.
वीस.
एक बेडूक आत जाऊन बाहेर आला.
चाळिसाव्या मिनिटाला पाणी आलं,
बारीक, गढूळ नसलेलं,
उन्हातून चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं, दम खात.
उभ्या नोकरीत उशिरा येणाऱ्या कुणाला
मी इतक्या आनंदानं पाहिलं नव्हतं.

शेजारचे तीन लेआउट वेळेवर सुटले.
नाला चढलाच.

संध्याकाळी निमजेकडे गेले.
ती उंबऱ्यातला चिखल खराट्यानं लोटत होती.
किती?
तिनं फ्रिजकडे पाहिलं, मग बोटाच्या पेरावर दाखवलं :
चार विटा, आणि पाचवीचा
एवढासा कोपरा.

ती वीट मी हातात घेऊन पाहिली.
वरची कड कोरडी होती.