नमुना क्रमांक एकशे बारा

गंगावेशीत रात्री, दूध कट्ट्यावर
टॅब पुढं केला: विधानसभेला मत कुणाला?
हिंदुराव गवळी धार काढत होते,
मान वर न करता म्हणाले, "आधी पी."

पेल्याला फेस चढलेला, ऊन ऊन.
बाकावरचे सगळे एकदम गप्प.
एकाच्या खिशाला बिल्ला,
शेजारच्याच्याही, दुसरा.

पर्याय पाच. फॉर्ममागं बावीस रुपये.
अजून अठरा माणसं शोधायची.

मग म्हशीच्या पाठीवर थाप मारत तेच बोलले,
"कासंला हात लावल्याबिगर
हीसुद्धा पान्हा सोडत न्हाई, पोरी.
आन् तू उभ्या उभ्या इचारतीस."

मी 'सांगता येत नाही' दाबलं.
बोट दुधानं ओलं होतं,
स्क्रीननं दोनदा घेतलंच नाही.