पालथ्या ताटावर

सोहारच्या हायपरमार्केटात, तांदळाच्या पोत्यांच्या मागच्या रांगेत,
पंचावन्न रियालला मिळाला.
पाठीवरची बॅग फुकट.
विकणारा मुलगा म्हणाला, काम हलकं असेल तर चालेल, सिस्टर.
म्हटलं, हलकंच आहे.
लायसन्सची परीक्षा, पगाराचा हिशेब,
शुक्रवारी आईचा चेहरा.

ह्याला पंखा नाही.
जुलैत मांडीवर घ्यावा तर हात लावूनच कळतं, अंगात ताप आहे.
मग स्टीलचं ताट पालथं घालते, त्यावर हा.
ताट पुसदहून आलेलं. बुडाशी कोरलंय:
चि. इंदुमतीस मामांकडून, १९८७.
पालथं असलं की आईचं नाव वर येतं
आणि रात्री अकरापर्यंत चांगलंच गरम होतं.

बिजागरी सुटली तेव्हा लॅबमधली मायक्रोपोर लावली,
रक्त घेतल्यावर कोपराच्या आत लावतो तीच.
अजून टिकून आहे.

कळांवर अक्षरं अरबी.
अलिफ दाबला की प येतो, नून दाबला की क.
नून आणि अलिफ मिळून चहाचा कप होतो.
आई लिहायचं तर शिफ्ट धरून
आधी था, मग काफ.
हे मी कुणाला शिकवलेलं नाही, बोटांना माहीत आहे.

रोज संध्याकाळी तो विचारायचा:
अद्ययावत करायचं? पुन्हा चालू करायचं?
मी म्हणायची, नंतर आठवण करा.
एकदा न विचारताच सुरू झाला,
आणि अडला. जागा अपुरी आहे.
आठ जीबी पाहिजे, शिल्लक सव्वा.
मी धाकटीची हळद पुसली, नंतर रिसेप्शन,
मग पुसदच्या नळाला पाणी आलं त्याचा व्हिडिओ.
तरी म्हणे अपुरी.
खोलीत मारिविकचं खोकं. घरी पाठवायचंय, सहा महिने भरतेय.
दोघी त्याला वळसा घालून झोपतो.
खोक्याला कोणी अपुरं म्हणत नाही.

समोरच्या फार्मसीतला याकूब म्हणाला,
ह्याच्या अंगाला हे कपडे मोठे झालेत, दुसरे घालू.
पेन ड्राइव्हवर एक हलकी सिस्टिम घेऊन आला.
काउंटरवर, खोकल्याच्या औषधांच्या बाजूला,
काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी धावत राहिल्या.
मध्येच नकाशा आला: आपण कुठे राहता?
बोट आधी उजवीकडे गेलं.
तिथे आत्ता दीड तास पुढे होतं, सगळे जेवून झोपलेले.
पण माझी सातची ड्यूटी.
मस्कत दाबलं.

भाषांच्या यादीत मराठी होती! याकूबलाच जास्त आनंद.
उघडला तर पहिल्या कप्प्याचं नाव घर.
आत कागदपत्रे, चित्रे, संगीत, चलचित्रे,
नावं लावून ठेवलेली, माणूस नसलेली.
मी आई लिहून बघितलं. शिफ्ट, था, काफ.
कळांची मांडणी अजून इंग्रजीच होती.
उमटलं ई आर.
आमच्याकडे ह्याचा अर्थ इमर्जन्सी.
क्षणभर मोबाइलकडे बघितलं. काही नव्हतं.
मांडणी बदलली, मग आली आई.

आता झटकन उठतो. तापतोही कमी.
फक्त कॅमेरा ह्याला ओळखता येत नाही.
शुक्रवारी ती मला दिसते, मी तिला नाही.
काळ्या चौकोनाशी बोलते, थोडं मोठ्यानं,
पदरानं फोनची काच पुसून बघते.
बारीक झालीस का गं?
नाही.
डोळे सुजलेले नाहीत ना?
नाही, आई.
आत्ता जेवतेयस ते काय?
वरणभात, म्हणते मी,
हातातलं बिस्किट आवाज न करता चावत.

याकूब म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे, आणून दे.
म्हटलं, नंतर.