सहावा आणि सातवा यांच्या मध्ये

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
वर जायला वीस तेत्री, उतरणं फुकट.
"उतरायचे पैसे कोण घेतं, बाई?" जुंबेर म्हणतो,
लिफ्टवाला, अडुसष्ट वर्षांचा,
कानामागे पेन्सिल, खिशात सूर्यफुलाच्या बिया.

मी भूगोल शिकवते. एकोणीस वर्षं झाली.
कॉकेशसच्या शिखरांची उंची
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
पगाराची तेवढी विचारू नका.

जानेवारीत एका संध्याकाळी वीज गेली, आली,
आणि लिफ्ट आलीच नाही.
आत नुत्सा. सात वर्षांची. पाव आणायला गेली होती.
सहावा आणि सातवा यांच्या मध्ये, अंधारात,
दाराच्या फटीतून तिचा आवाज:
"आई, मी पावाचं टोक खाल्लं. चालेल ना?"
चालेल गं. सगळा खा.

जुंबेर नऊ मजले गुडघ्यांना शिव्या देत चढला,
मी त्याच्या मागे टॉर्च घेऊन.
गच्चीवरची खोली: वंगणाचा वास, कबुतरांची पिसं,
आणि एक लोखंडी चाक.
"मी ब्रेक सोडतो. तू फिरव. घाबरू नकोस,
पलीकडे लिफ्टहून जड वजन टांगलंय,
ते कुणाला दिसत नाही, एवढंच."

चाक फिरलं.
तारेतून, पुलीतून, थंड लोखंडातून
माझ्या तळहातांना कळत होतं
एकवीस किलोची माझी पोर
आणि दीड पाव
इंच इंच वर येतायत.

त्या रात्री हाताचा वास साबणाने गेला नाही.
खरं सांगते, मी फार घासलंही नाही.

फेब्रुवारीत जुंबेरने अर्ज आणून दिला.
दिदुबेतलं तंत्रविद्यालय, आठ महिने, संध्याकाळी सहा ते नऊ.
"माझ्यानंतर या चौदा इमारती कोण बघणार?"
बिया सोलत असा म्हणाला,
जणू मीठ मागत होता.

सहा ते नऊ.
म्हणजे अपूर्णांक, नुत्साची वेणी, उकडलेले बटाटे,
कुणाचा तरी ताप,
आणि वाझा, चौदा वर्षांचा,
जो काहीच बोलत नाही, पण कुणीतरी घरात असलेलं त्याला लागतं.
बेरीज मांडून बघते.
हातचा एक कुणाकडून घ्यायचा?

सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या हातात खडू दिसला की लोक मान देतात.
ग्रीस बघून काय देतील?"
वीस तेत्री, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत. मीही नाही, खरं तर.

झाझा पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
फोनवर बराच वेळ नुसता इंडिकेटरचा आवाज,
टिक टिक टिक,
कुठे वळत होता कुणास ठाऊक.
मग म्हणाला, "चव्वेचाळीसाव्या वर्षी?"
मग म्हणाला, "हातमोजे चांगले घे."

वाझाने अर्ज माझ्या खांद्यावरून वाचला.
"वयाची अट नाहीये," म्हणाला.
आणि दारापाशी जाऊन, पाठ करून:
"शाळेत पोरांना कळेल."

सोमवारी सातवीला समोच्च रेषा शिकवत होते.
मागच्या बाकावरून एकीने विचारलं,
"बाई, दोन रेषांच्या मध्ये काय असतं?"
जमीनच असते, मी म्हणाले. नुसती काढलेली नसते.
आणि खडू हातात धरून
जरा जास्तच वेळ उभी राहिले.

अर्ज पावाच्या डब्याखाली आहे.
नाव लिहिलंय, पत्ता लिहिलाय.
'सध्याचा व्यवसाय' पेन्सिलने.
शुक्रवार शेवटची तारीख.

आज सकाळी घाईत उतरत होते,
एका हातात नकाशांची गुंडाळी, दुसऱ्यात नुत्साचा हात.
चौथ्या मजल्यापाशी लिफ्ट किंचित खरखरली.
"काय झालं?" नुत्साने विचारलं.
शू, ऐकू दे, मी म्हणाले.

बेअरिंग असावं.