डोळा लागला

डुलुथ, मिनेसोटा. नोव्हेंबर. पहाटेचे पावणेतीन.
स्लीप लॅबच्या चार नंबरच्या खोलीत
टॉइव्हो माकेला, वय एक्याऐंशी,
अंगभर बावीस तारा घेऊन उताणा.
तारा मीच लावल्या, विरळ केसांत पेस्ट थापून थापून.

पडद्यावर त्याच्या मेंदूची रेघ
दाट शिवणीसारखी धावत होती,
मग टाके लांबले.
डोळ्यांच्या दोन रेघा
नांगरलेल्या होड्यांसारख्या झुलू लागल्या.
मी नोंदवलं: झोप, पहिली पायरी, सात मिनिटं.

तेवढ्यात बंदरात जहाजाचा भोंगा,
एक लांब, दोन आखूड,
आणि शिवण पुन्हा दाट.
"मी झोपलो नव्हतो हं,"
स्पीकरमधून खरखरीत आवाज,
"डोळ्यांना जरा विसावा देत होतो."

पडद्याला हे मान्य नाही.
मला आहे.
कराडला माझी आई रोज दुपारी
पेपर छातीवर पालथा घालून
शपथेवर हेच सांगते:
"झोपले कुठे? जरा डोळा लागला."

डोळा. एकच.
दोन असताना एकच का,
हे इतक्या दूर येऊन, पगारी जागरणात
मी पहिल्यांदा विचारलं स्वतःला.

डुलकीचं सोपं आहे, मान डुलते म्हणून डुलकी.
वामकुक्षीत डावी कूस उघड दिसते,
जेवून तृप्त.
पेंग कुठून आली मला ठाऊक नाही;
म्हणताना तोंड अर्धं उघडं राहतं
एवढ्यावर मी समाधान मानलंय.

पण लागणं?
दार लागतं तसा डोळा लागतो म्हणावं
तर कडी कुठे असते त्याला?
ठेच लागते. ठसका लागतो.
दूध पातेल्याला लागतं. आंब्याला पाड लागतो.
मुळाशी जावं तर लग्,
चिकटणं, टेकणं;
लग्न त्याच घरातलं.
म्हणजे डोळा झोपेला नुसता टेकतो,
आणि दुसरा उंबऱ्याबाहेर उभा
चपला न काढता.

टॉइव्हो चाळीस वर्षं खनिजाच्या बोटींवर होता.
एक क्षण असतो म्हणे,
बोट धक्क्याला लागलेली असते
पण दोरखंड अजून कुणी बांधलेला नसतो.
इंजिन चालूच.
तारा लावून घेता घेता हातांनी दाखवलं त्याने,
डावा पंजा धक्का, उजवी मूठ बोट.
मग त्याच हातांनी आइलीचं सांगितलं.
शेवटची सहा वर्षं
रात्री तिचा श्वास मध्येच थांबायचा,
हा कोपराने ढोसायचा,
श्वास पुन्हा निघायचा.
ती गेली त्याला अकरा महिने झाले.
कोपर अजून हलतं.
माझ्या यंत्रात कोपरासाठी तार नाही.

साडेतीनच्या सुट्टीत कराडला फोन केला. तिकडे दुपारचे तीन.
लागला नाही. परत केला. लागला.
"झोपली होतीस?"
"छे गं, जरा डोळा..."
"आई, एकच का म्हणतेस?"
मागे पंखा घरघरत होता.
"दोन्ही लागले की ते वाट बघणं.
वाटेकडे डोळे लागतात ना, तसं.
आणि दोन्ही मिटले तर..."
थांबली.
"तू काही खाल्लंस का?"

परत आले तर चार नंबरच्या खोलीत
टाके पुन्हा लांबत होते.
उजवं कोपर गादीवर एकदा सरकलं,
कुणीच न सापडून थांबलं.
नियमाप्रमाणे लिहिलं: पहिली पायरी, अकरा मिनिटं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
इथे कुणालाच वाचता येणार नाही अशा लिपीत:
लागला. इंजिन चालू.