म्हणून

वडील गोठलेल्या तळ्यावरच्या वाटेचे तपासनीस होते.
पहार आपटायचे, कान तिरका करून थांबायचे,
मग एक पाऊल.
पांढऱ्या बर्फावर त्यांचा भरवसा नसे.
"जाड दिसतो, आत नुसती हवा.
काळा बरा. खालचं पाणी दाखवतो तरी."

मी निबंध तपासते.

आज ओत्सोचा. वय सोळा, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
फिरत्या ग्रंथालयाची बस पालिकेने बंद करू नये.
पहिलं पान गोड आहे, वाचन म्हणजे मनाचा दिवा वगैरे.
पहार आपटते. पोकळ.
"ही बस सगळ्यांनाच हवी आहे."
सगळे म्हणजे कोण रे? मोजलेस?
"शेजारच्या गावची बस गेली, म्हणून तिथली शाळा ओस पडली."
हा "म्हणून" पायाखाली करकरतो.
दोन गोष्टी एकामागून एक आल्या
की आपण त्यांचं लग्नच लावून टाकतो.

आणि खरी भेग, जे लिहिलंच नाही त्यात.
पालिकेच्या अहवालात आकडा आहे: नियमित वाचक अकरा.
त्याने तो वाचलाय. अहवाल मीच दिला होता.
समासात लिहिलं:
ते अकरा कुठे गेले?

सोमवारी नवा कागद.
पहिलंच वाक्य, "या बसला अकराच वाचक आहेत."
मग ते अकरा.
लाकूडगिरणीतून निवृत्त झालेला वेइक्को, मोठ्या टाइपातली पुस्तकं नेणारा.
दोघी बहिणी, ज्या फक्त खून वाचतात.
सोमालियाहून आलेली हमदी,
लेकाच्या चित्रपुस्तकांतून फिनिश शिकणारी.
जवळचं ग्रंथालय बासष्ट किलोमीटर.
बसचा वर्षाचा खर्च, आणि तो कुठून काढला तेही.
शेवटी: "अकरा थोडे आहेत, मान्य.
किती झाल्यावर माणसं मोजण्याजोगी होतात?"
हे वाक्य टाळ्या घेईल.
भार घेईल का?
त्यावर मी थोडी रेंगाळते. बाकीचा काळा बर्फ आहे,
उभी राहते, धरतो.

नऊ लिहायला पेन उचलते
आणि यादीतलं अकरावं नाव वाचते.
माझं.

दर बुधवारी पावणेचारला मी फाट्यावर उभी असते,
उणे वीस असलं तरी.
मग मी तपासतेय काय,
त्याचा युक्तिवाद की माझा बुधवार?

आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेवर
वडील पहार दुसऱ्याच्या हाती द्यायचे.
म्हणायचे, आपल्याला पोचायची घाई असते.

कागद गणिताच्या सिस्कोकडे देते.
तिला पुस्तकांचा कंटाळा आहे,
आणि ती गाडीने येते.
कोपऱ्यात पेन्सिलीने, पुसता येईल असं,
नऊ?