बोटाला उरलेलं

टाके निघून सतरा दिवस झाले.
सेलूच्या मेडिकलवर मोईनभाईनं
सोनं तोलावं तसं जपून सांगितलं:
वाटाण्याएवढंच घ्या,
पातळ लावा, वाळू द्या,
मग पदर.
आणि उन्हात गळा झाका, ताई,
नाहीतर डाग काळा पडतो.

आई नळीवरची किंमत दोनदा वाचते.
"साडेआठशे? दोन पातळं आली असती.
हळदीला काय धाड भरली व्हती?"

गाठ काढली तिथं
आडवी, गुलाबी, जराशी फुगलेली रेघ.
पोत नेमकी तिथंच टेकायची.
सध्या ती साखरेच्या डब्यात आहे.

सकाळ-संध्याकाळ मीच लावते.
ती आढ्याकडं बघत बसते.
आवंढा गिळते
तेव्हा रेघ माझ्या बोटाखाली हलते.
इतक्या जवळ आम्ही
याआधी कधी बसलो होतो,
आठवत नाही.

आज लावून झालं
तर तिनं माझा हात धरला,
बाही वर सारली.
कोपराखाली उलथन्याचा ठसा,
तिसरीतला, सांडलेल्या दुधाचा.
तेवीस वर्षं
दोघींनीही त्याचं नाव काढलं नव्हतं.

माझ्या बोटावरचं तिनं
आपल्या बोटावर निपटून घेतलं.

"इतक्या जुन्यावर नाही चालत गं हे,"
मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली.
"बोटाला उरलं व्हतं."

आणि चोळत राहिली,
पदर घ्यायचा विसरून.
जेल तर
केव्हाच जिरलं होतं.