तेरावा ठोकळा

मोंटानातला मे असाच, अर्धा.
बर्फ खालून गेला, पण उत्तरेच्या उतारावर
अजून पाय मुडपून बसलाय.
आर्डिस पिकअपमधून तारेचं भेंडोळं उतरवते.

एल्कच्या कळपाची हिवाळ्यात जिथं उडी चुकली
तिथं काट्याला तपकिरी केसांचा पुंजका.
ती तो काढत नाही. पाखरं नेतील घरट्याला.
एकेचाळीस खांब उभे, सहा कललेले,
एक पार नाहीसा.

पक्कड लाइलची.
मुठीवर त्याच्या अंगठ्यानं पाडलेली झीज,
हिचा अंगठा तिथवर पोचत नाही,
जरा अलीकडेच राहतो.

खाली गोठ्यात शेवटची पहिलारू अडून आहे.
मुलगा पाटाचं दार उघडायला गेलाय.
गंजलंय. लाथा घालतोय,
आवाज इथवर येतो.
मग पाण्याचा.

विकून टाकू सगळं, म्हणाली होती जानेवारीत
फोनवर, बहिणीला.
आता मिठाचे ठोकळे मोजतेय:
वरच्या कुरणाला बारा पुरतील.
तेरा घे, असं कोण म्हणायचं दरसाल,
एक साळिंदरांचा?

ती तेरावा चढवते.
पिकअप दुसऱ्या किल्लीला सुरू होते.